उष्णतेची कसोटी

औषधी वनस्पती म्हटली की तिचा काढा करावयाचा, हा रिवाज फार जुना आहे. अडुळशाची पाने असोत वा गुळवेलीचे खोड, ते पाण्यात टाकून पाणी आटेपर्यंत उकळावे आणि गाळून घ्यावे, हे घरोघरच्या आजीबाईंना ठाऊक असते. चीन देशातही हीच पद्धत रूढ होती. परंतु उकळल्याने वनस्पतीचा गुण पाण्यात उतरतोच असे नाही. कधी कधी तो समूळ नाहीसाही होतो. ही गोष्ट एका चिनी विदुषीच्या ध्यानी आली आणि त्यामुळे असंख्य हिवतापग्रस्तांचे प्राण वाचले.

व्हिएतनामच्या युद्धात गोळ्यांइतकाच हिवतापानेही सैनिकांचा घात चालविला होता. क्लोरोक्विन हे त्या काळचे नामांकित औषध तेथे निष्प्रभ ठरू लागले होते. म्हणून २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये नव्या औषधाच्या शोधाची एक गुप्त मोहीम सुरू झाली. १९६९ मध्ये तिच्यातील एका पथकाची धुरा तु यूयू या संशोधिकेकडे आली. त्यांनी जुने वैद्यकग्रंथ चाळून आणि वृद्ध वैद्यांना भेटून दोन हजारांहून अधिक पाठ जमविले. त्यांत 'छिंगहाव' नावाची एक वनस्पती होती. महाराष्ट्रात देवाला जो सुगंधी दवणा वाहतात, त्याच्याच आप्तवर्गातील ही वनस्पती होय. तिच्या अर्काने उंदरांचा हिवताप कधी बराच हटे, तर कधी मुळीच दाद देत नसे. असे का व्हावे?

चौथ्या शतकातील को हुंग या वैद्याच्या ग्रंथात यूयूंना याचा धागा सापडला. त्याने ही वनस्पती उकळावयास सांगितलेच नव्हते. नुसत्या पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घ्यावयास सांगितले होते. तेव्हा उष्णतेनेच गुण नष्ट होत नसेल ना, अशी शंका त्यांना आली. ईथर हा द्रव सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्याच्या साहाय्याने त्यांनी मंद उष्णतेवर अर्क काढला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांच्या रक्तातील हिवतापाचे जंतू पूर्णपणे नाहीसे झालेले दिसले. पुढील वर्षी रुग्णांना देण्यापूर्वी यूयू व त्यांचे दोन सहकारी यांनी ते औषध प्रथम स्वतः घेतले. आर्टेमिसिनिन ते हेच. २०१५ साली यूयूंना नोबेल पारितोषिक मिळाले.

औषध मिळाले, पण ते पुरावे कसे? वनस्पती वाढावयास महिने लागतात. एखाद्या वर्षी पीक उदंड येते, एखाद्या वर्षी टंचाई पडते आणि भावही त्याप्रमाणे चढतात व उतरतात. वनस्पतीच्या देहात हे द्रव्य तयार करणारे कारागीर म्हणजे विकर, म्हणजेच एंझाइम, होत. विकर हे प्रथिन आहे. तो कसा घडवावा याची आज्ञा जनुकात लिहिलेली असते. तेव्हा वनस्पतीची ती जनुके उचलून पाव फुगविणाऱ्या किण्वाच्या पेशीत घातली, तर किण्वच औषधाचा कच्चा माल बनवू लागेल, असा विचार अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी केला.

मात्र जनुक हाताळावयाचे तर त्याच्या कोट्यवधी प्रती हव्यात. या कामी साहाय्य झाले ते एका अनपेक्षित ठिकाणाहून. १९६६ साली टॉमस ब्रॉक हे शास्त्रज्ञ व हडसन फ्रीझ हा त्यांचा विद्यार्थी अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातील ऊन पाण्याच्या कुंडांत जीवजंतू शोधीत होते. औषधाचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. सुमारे ७० अंशांच्या पाण्यात, जेथे हात घातला तर पोळून निघावा, तेथे त्यांना एक जंतू सुखेनैव नांदताना आढळला. अंडे उकडले की त्यातील पातळ बलक घट्ट पांढरा होतो, कारण उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. सामान्य विकरांचीही तीच गत. या जंतूचे विकर मात्र ९५ अंशांचा ताप सोसूनही शाबूत राहतात.

जनुकाची प्रत करताना त्याचे दोन धागे प्रथम तापवून विलग करावे लागतात. साधा विकर त्या तापातच निकामी होई. म्हणून प्रत्येक फेरीला नवा विकर घालावा लागे. कुंडातील जंतूचा विकर आला आणि ही कटकट संपली. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करीत जाणाऱ्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात, याचे नवल वाटू नये.

किण्वाचा प्रयोग २००६ साली साधला. २०१३ पर्यंत एका लिटर द्रवात २५ ग्रॅम कच्चा माल मिळू लागला आणि इटलीत त्यापासून औषध बनविण्याचा कारखानाही उभा राहिला. पण शेतातील वनस्पतीचा भाव इतका उतरला की कारखान्याचे औषध महाग पडू लागले, आणि दोनच वर्षांत त्याचे उत्पादन थांबले. प्रयोगशाळेतील यश व बाजारातील यश या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

निसर्गाने दिलेला विकर नाजूक असेल, तर तो माणसाला कणखर करता येईल काय? फ्रान्सिस आर्नल्ड या अमेरिकन विदुषींनी शेतकऱ्याची युक्ती योजिली. शेतकरी भरदार कणीस बियाण्यासाठी राखून ठेवतो ना? तसेच त्या जनुकात स्वैर फेरफार करून असंख्य विकर घडवीत, त्यांतील ताप सोसणारे तेवढे निवडीत आणि त्यांच्यावर पुन्हा तोच प्रयोग करीत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहा पिढ्यांत एका विकराची उष्णता सोसण्याची मर्यादा १४ अंशांहून अधिक वाढली. २०१८ साली त्यांनाही नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. असा कणखर विकर आणखी फेरफारही सहज पचवितो, हे त्यांच्याच सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले.

उष्णतेत क्रिया शीघ्र होते, द्रव्ये अधिक विरघळतात आणि नको ते जंतू वाढत नाहीत, हा कारखानदाराचा लाभ वेगळाच. इटलीत नेपल्स शहराजवळ सोल्फातारा नावाचे ज्वालामुखीचे धुमसते विवर आहे. तेथील आम्ल, ऊन चिखलातील एका जंतूचा विकर कोरियातील संशोधकांनी जिनसेंग या औषधी मुळावर योजिला. मुळातील द्रव्यांना जडलेले शर्करेचे कण तो एकेक करून तोडतो व शरीरात सहज शोषले जाणारे द्रव्य मोकळे करतो. हे काम तो सुमारे ८५ अंशांवर करतो. त्याच भांड्यात एखादे अंडे सोडले, तर ते काही वेळातच उकडून निघेल.