निर्दोष ठरला, तरी घरी का नाही?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आजाराच्या भरात त्याच्या हातून चुलत्यांचा जीव गेला. सेशन कोर्टाने त्याला निर्दोष ठरवले, पण मनोरुग्णालयात पाठवले. आता डॉक्टर म्हणतात, तो बरा आहे. त्याला घरी कसे आणायचे? गावात विरोधाच्या सह्या गोळा होत आहेत. – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा भाऊ शिक्षेतून सुटला, ताब्यातून नाही. दंड विधानाच्या कलम ८४ मुळे (आता न्याय संहितेचे कलम २२) तो गुन्हेगार ठरला नाही. मात्र कृत्य त्यानेच केले असे निकालात असले, की न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवते किंवा हमी घेऊन नातेवाइकाच्या हवाली करते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७४ ते हेच, पूर्वीचे ३३५. या ताब्याला मुदत नसते. जन्मठेपेचा कैदी निदान माफीचे दिवस मोजतो. इथे घरच्यांनी पाठपुरावा केला नाही, तर कागद वर्षानुवर्षे पडून राहतो.

आता कलम ३७८ खाली राज्य सरकारकडे अर्ज करा. ‘बरा आहे’ हे डॉक्टरांचे तोंडी मत पुरणार नाही. स्वतःला वा इतरांना धोका न होता त्याला सोडता येईल, असे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचे प्रमाणपत्र कलम ३७७ ला हवे. एक न्यायिक आणि दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आयोगाची चौकशी मात्र सरकार एखाद्याला मनोरुग्णालयात हलवण्याचा आदेश देते तेव्हासाठी आहे; तुमचा भाऊ आधीच तिथे आहे.

हमीपत्रावर सही मात्र विचार करून करा. त्याची नीट काळजी घेणे, त्याच्या हातून कुणाला इजा होऊ न देणे आणि सांगितलेल्या वेळी अधिकाऱ्यासमोर हजर करणे, हे सगळे तुमच्या अंगावर येते. थकलेल्या आईला सही करायला लावू नका. औषधे कोण देणार, रात्री सोबत कोण, तपासणी कुठे, हे अर्जातच लिहा.

सोडण्यासाठी गावाची संमती कायदा मागत नाही. पण चुलत्यांचे घर शेजारीच असेल, तर सुरुवातीला त्याला दुसऱ्या गावी ठेवावे, असे मला वाटते. त्या घरानेही माणूस गमावला आहे. कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवू नये, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १९ म्हणते. त्याचा आधार जरूर घ्या, पण ताब्याचा आदेश तेवढ्याने उठत नाही.

सरकारने अर्ज दाबून ठेवला, तर उच्च न्यायालयात रिट करता येते. वकिलाच्या फीची चिंता नको : स्त्री म्हणून तुम्ही आणि मनोरुग्णालयातला तो, दोघेही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाला पात्र आहात.