यंत्राची लाट आणि मजुराचा हात

आपल्या बऱ्हाणपूरच्या परिसरात तापीच्या पाण्यावर केळी, ऊस आणि कापूस ही पिके मुबलक येतात. शेतातील माल ताटात पडण्यापूर्वी बहुधा कोणत्या तरी यंत्रातून जातो. गव्हाचे पीठ, तुरीची डाळ, सरकीचे तेल, उसाचा रस, केळीचे वेफर, या प्रत्येकामागे फिरणारे चाक असते आणि त्या चाकाजवळ मजुराचा हात असतो. त्या हातास इजा का होते व ती कशी टाळावी, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम यंत्राची रीत पाहू. उसाच्या चरकात दोन लाटा परस्परांच्या उलट दिशेने फिरतात व कांडे आत ओढून घेतात. लाटेला ऊस आणि बोट यांतील भेद कळत नाही. पुष्कळांस वाटते की, बोट सापडलेच तर चटकन हात मागे घेता येईल. हा समज गणिताने तपासू. समजा, लाटेचा व्यास २० सेंटिमीटर आहे व ती मिनिटास ३० फेरे घेते. तिचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर. म्हणजे एका सेकंदात ती सुमारे ३१ सेंटिमीटर आत ओढते. सावध माणसालाही धोका जाणवून हात हलविण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात आठ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खे बोट, आत गेलेले असते. मग प्रश्न चपळाईचा राहत नाही, बळाचा होतो. आणि बळ यंत्राचे अधिक असते.

गिरणीच्या पट्ट्याची गती याहून पुष्कळ अधिक असते. सैल पदर, उपरणे किंवा मोकळी वेणी त्यात सापडली की माणूसच ओढला जातो. शिवाय बटन बंद केले तरी जडत्वामुळे जड चाक काही वेळ फिरतच राहते. अडकलेला माल काढताना, साफसफाई करताना व तेल देताना म्हणूनच विशेष धोका असतो.

केवळ मजुराच्या निष्काळजीपणास दोष देणे न्याय्य नव्हे. काम लवकर उरकावे म्हणून संरक्षक जाळी काढून ठेवली, तर अत्यंत दक्ष मनुष्याचाही हात एखाद्या दिवशी चुकणारच. हे सत्य आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. साप्ताहिक सुट्टीबरोबरच त्यांत अशीही मागणी होती की, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा मात्र १९२३ पर्यंत झाला नाही. त्या कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरले. परंतु तुटलेला अंगठा कोणत्याही रकमेने परत येत नाही.

म्हणून प्रतिबंध श्रेष्ठ. १९४८ च्या कारखाना कायद्याने धोकादायक भागांभोवती आडोसा सक्तीचा केला. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. विजेवर चालणारा उद्योग कारखाना ठरण्यासाठी पूर्वी दहा कामगार लागत. आता वीस लागतात. चार माणसांची गिरणी तेव्हाही या व्याख्येबाहेर होती व आजही आहे. तेथे मालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच मोठा आधार होय.

विद्यार्थिमित्रांनी काही नियम ध्यानात ठेवावेत. यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय व वीज तोडल्याशिवाय आत हात घालू नये. माल ढकलण्यास लाकडी दांडा वापरावा. लहान मुलांस यंत्राजवळ फिरकू देऊ नये. अपघात झालाच, तर प्रथम वीज बंद करावी आणि जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फात ठेवून रुग्णाबरोबरच रुग्णालयात न्यावी. बोट प्रत्यक्ष बर्फावर ठेवू नये.

पीठ स्वच्छ आहे की नाही, हे आपण घरी आणताना पाहतो. गिरणीच्या पट्ट्यावर जाळी आहे की नाही, हेही पाहावे आणि नसल्यास मालकास नम्रपणे विचारावे. अन्न खाणाऱ्याचे अन्न पिकविणाऱ्यावर जितके ऋण आहे, तितकेच ते दळणाऱ्यावरही आहे.