हजेरीपट बघत जा

सातारा,
7 डिसेंबर

चि. मुक्ता हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पाऊण तास बोललीस आणि मी नुसतं 'बघू' म्हणत राहिले. तुला वाटलं असेल, आत्याचं लक्ष टीव्हीकडे होतं. तसं नव्हतं. 31 वर्षं शाळेत काढली, पण अशा गोष्टींची उत्तरं मला फोनवर सुचत नाहीत. म्हणून हे पत्र.

जूनमध्ये शाळेच्या मंत्रिमंडळात तू सांस्कृतिक मंत्री झालीस, तेव्हा दादानं गल्लीभर पेढे वाटले. पेढे संपले, आता खातं सांभाळायचं आहे. तुझे प्रश्न तीन. स्नेहसंमेलनात फिशपॉन्डची पेटी ठेवायची का? निरोप समारंभाला मुलींनी साडी, मुलांनी ब्लेझर आणि माणशी 700 रुपये वर्गणी ठरते आहे, त्याला हो म्हणायचं का? आणि सगळे नाच 'अ' तुकडीलाच मिळतात म्हणून 'ब' तुकडी रुसली आहे, तिची समजूत कशी काढायची? तिन्ही प्रश्नांवर तुझ्या मैत्रिणींचं उत्तर एकच: "दरवर्षी असंच असतं."

आधी फिशपॉन्ड. आमच्या वेळी त्याला कुणी कुणी शेलापागोटेही म्हणत. दहावीत असताना मीही एक चिठ्ठी टाकली होती. वर्गातली एक मुलगी थोरल्या बहिणीचा गणवेश घालून यायची; स्कर्ट घोळदार, खांदे उतरलेले. त्यावर मी चार यमकदार ओळी लिहिल्या. नाव अर्थातच घातलं नाही. सरांनी त्या वाचल्या, सभागृह हसलं, तीही हसली. मला वाटलं, झालं, गंमत होती. पुढे 38 वर्षांनी आमच्या बॅचचं स्नेहमिलन झालं. जेवताना विषय निघाला आणि तिनं त्या चारही ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. हसतच म्हटल्या. मला माझी स्वतःची यमकं आठवत नव्हती. तिला एक शब्द न चुकता पाठ होती. त्या मी लिहिल्या होत्या, हे तिला आजही माहीत नाही. तिथं कबूल करायचं धैर्य मला झालं नाही.

तेव्हा पेटी ठेव, पण चिठ्ठीखाली नाव हवं, हा नियम कर. नाव घालायचं म्हटलं की निम्मा विषार आपोआप उतरतो. उरलेल्या चिठ्ठ्या ज्याच्यावर आहेत त्याला आदल्या दिवशी दाखव. तो 'वाचा' म्हणाला तरच वाचायची. गंमत कमी होईल, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. सरांच्या डुलक्यांवर, मधल्या सुट्टीत दुसऱ्यांचे डबे फस्त करणाऱ्यांवर, बाकांवर नावं कोरणाऱ्यांवर भरपूर हसता येतं. कुणाच्या रंगावर, अंगावर, घरच्या परिस्थितीवर मात्र नको.

आता माझी एक खोड सांगते. संमेलनाच्या दिवशी शाळेत हजेरी घेत नाहीत. मी घ्यायची. सहकारी हसायचे, "बाई, आज तरी पट मिटा." पण त्या पटानं मला जे शिकवलं, ते बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभर भर पावसात चार किलोमीटर चालत येणारी, एक दिवस न बुडवणारी मुलं नेमकी त्याच दिवशी गैरहजर असायची. निरोप समारंभाला तर हमखास. दुसऱ्या दिवशी विचारलं की उत्तर ठरलेलं: "बाई, पोटात दुखत होतं." एकाच दिवशी इतक्या पोरांच्या पोटात कसं दुखतं, हे कळायला मला नोकरीची पाच-सहा वर्षं लागली. कुणाकडे वर्गणी नव्हती, कुणाकडे साडी नव्हती, आणि कुणाला 'तू पडदा ओढ' एवढंच काम मिळालं होतं.

शाळेचा अभिमान घोषणांच्या आवाजावर मोजतात. मी तो त्या पटावर मोजते. आनंदाच्या दिवशी जितकी मुलं घरी थांबली, तितकी आपली परंपरा उणी.

म्हणून 700 रुपयांना माझा स्पष्ट नकार आहे. निरोप समारंभ गणवेशात करा. दहा वर्षं जो कपडा सगळ्यांना एकसारखा करत आला, त्याला शेवटच्या दिवशीच का टाकून द्यायचं? जेवणासाठी केटरर नको. चुरमुरे, फरसाण, कांदा, टोमॅटो, चिंचेचं पाणी आणा आणि मोठ्या पातेल्यात स्वतः भेळ कालवा. माणशी वीस-पंचवीस रुपयांत भागेल, आणि ज्याला तेही जमत नाही त्याला कांदे चिरायला बसव. रडायचं असेल त्यालाही तेवढंच निमित्त.

तुला वाटेल, आत्या परंपरा मोडायला निघाली. मग साताऱ्याचीच एक गोष्ट ऐक. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरला शिकत होते तेव्हा जैन वसतिगृहात राहायचे. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही आणि वसतिगृह सुटलं. 'दरवर्षी असंच असतं' म्हणणारे तिथंही असतीलच. त्याच माणसानं 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं, जिथं सगळ्या जातिधर्मांची पोरं मिळून स्वयंपाक करायची आणि एका पंक्तीला जेवायची. त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडलं. 1927 मध्ये गांधीजी इथं आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. त्या काळी ती पंगत म्हणजे परंपरेचा भंग होता. आज दर 22 सप्टेंबरला भाऊरावांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, जयंतीची मिरवणूक निघते, लेझमा वाजतात, तेव्हा आम्ही त्या पंगतीलाच आमची परंपरा म्हणतो. कुणीतरी कधीतरी ठरवलं म्हणून परंपरा झाली. यंदा ठरवणारी तू आहेस.

राहिल्या तुकड्या. हा रुसवा समजुतीनं जाणार नाही, तालमीनं जाईल. लेझीम 'अ' आणि 'ब' मिळून करा. ओळीत एक मूल या तुकडीचं, पुढचं त्या तुकडीचं. लेझमीत शेजारच्याचा ठेका चुकला की आपलाही चुकतो, त्यामुळं तिसऱ्या दिवशी पोरं एकमेकांना शिकवायला लागतात. संमेलनाचा खरा आनंद रंगमंचावर नसतोच गं, तो शाळा सुटल्यावरच्या त्या दोन तासांत असतो. काजळानं काढलेली मिशी घामानं ओघळते, कुणाच्या तरी आजीचं नऊवारी लुगडं जिजाऊंना तोकडं पडतं, अंधारात सतरंज्या गुंडाळताना कुणीतरी भुताची गोष्ट सांगतो. नंबर कुणाला मिळाला, हे मोठेपणी कुणालाच आठवत नाही. सतरंजीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, ते आठवतं.

आणि पडदा ओढणाऱ्याचं, बाक उचलणाऱ्यांचं नाव माईकवरून घ्यायला विसरू नकोस. पाच मिनिटांचं काम आहे. पाहुण्यांच्या सत्कारातला एक नारळ कमी केलास तरी तेवढा वेळ निघेल.

जाताना नववीसाठी काहीतरी ठेवून जा. शर्टांवर सह्या खुशाल करा, पण घरचा जुना शर्ट आणा. गणवेश धाकट्या भावंडाच्या उपयोगी पडतो. तुमची पुस्तकं बोर्डाची परीक्षा झाल्यावर कव्हर घालून शाळेत जमा करा. पुढच्या जूनमध्ये ज्याला ती मिळतील, त्याला तुमचं नाव ठाऊक नसेल. नसू दे.

मैत्रिणी चिडतील. "मंत्री झाली म्हणून शहाणपणा करते" असंही कुणी म्हणेल. तेव्हा भांडू नकोस. गेल्या वर्षी निरोप समारंभाला कोण कोण आलं नव्हतं, ती नावं आठवून बघा एवढंच सुचव आणि गप्प बस.

तिळगुळाला येशील तेव्हा सविस्तर बोलू. दादाला म्हणावं, ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नको. संमेलन झालं की लगेच फोन कर. नंबर कुणाचा आला, ते मागाहून सांग. आधी गैरहजर किती, ते सांग.

तुझी,
आत्या