संदिग्ध शब्दांचा कायदा

विरारच्या पुढें डहाणूच्या वाटेवर पालघर लागतें. तें गांव ठाणें जिल्ह्यांत होतें तेव्हांची, म्हणजे नोव्हेंबर २०१२ मधील, ही हकीकत आहे. १७ तारखेस शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे निवर्तले व दुसरे दिवशीं मुंबईचे व्यवहार बंद राहिले. त्या बंदविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर आपलें मत लिहिलें; तिच्या मैत्रिणीनें त्यास केवळ पसंती दर्शविली. १९ तारखेस दोघींनाहि अटक झाली.

त्यांजवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६-अ लावण्यांत आलें. त्याची भाषा पाहण्यासारखी आहे. इंटरनेटवरून अतिशय आक्षेपार्ह मजकूर पाठविणें, किंवा खोटा आहे हें ठाऊक असतां, दुसऱ्यास त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून वारंवार मजकूर पाठविणें हा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास. मोशेस मिळालेल्या दहा आज्ञांत चोरीस व खोट्या साक्षीस मनाई आहे; दोहोंचा अर्थ लहान मुलासहि कळतो. परंतु ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय, व ‘त्रास’ कोणाचा मोजावयाचा? व्याकरणाचा तास कंटाळवाणा असतो असें कोणी लिहिल्यास मजसारख्या शिक्षकास त्रास होईलच. (हा प्रयोग कृपया करून पाहूं नये.) जेथें गुन्ह्याची सीमा दिसत नाहीं, तेथें निरपराधी मनुष्यहि भयानें मौन धरतो.

हेंच दिल्लीच्या श्रेया सिंघल हिच्या मनास लागलें. वय एकवीस, इंग्लंडांत खगोलभौतिकी शिकून ती परतली होती व कायद्याच्या अभ्यासाकडे वळत होती. पालघरशीं तिचा कांहींएक संबंध नव्हता. तरी तिनें त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयांत याचिका दाखल केली.

२४ मार्च २०१५ रोजीं न्यायमूर्ति चेलमेश्वर व न्यायमूर्ति नरिमन यांनीं तें कलम समूळ रद्द ठरविलें. चर्चा करणें, मताचा पुरस्कार करणें व चिथावणी देणें हीं तीन भिन्न आहेत; पहिलीं दोन कितीहि अप्रिय असलीं तरी संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदानें रक्षिलेलीं आहेत, असें त्यांनीं म्हटलें. बदनामी व चिथावणी यांविरुद्धचे निराळे कायदे मात्र तसेच राहिले, हें पालकांनींहि ध्यानांत घ्यावें.

इतकें होऊनहि पोलिस हें मृत कलम लावीतच राहिले! २०२१ सालीं न्यायालयानें याबद्दल आश्चर्य व्यक्त केलें, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें, या कलमाखालीं कोणावरहि खटला चालवूं नये, अशी आज्ञा त्यास नव्यानें द्यावी लागली.