रात्रीची बीपीची गोळी आणि काचबिंदू

प्रश्न : वडिलांना (वय ७०) काचबिंदू आहे. थेंब नियमित, डोळ्यातला दाब १५. तरी बाजूचं दिसणं कमी होत चाललंय. बीपीची गोळी ते झोपताना घेतात. काही संबंध?
– एक वाचक, वीर (ता. महाड)

उत्तर : असू शकतो. गोळीची वेळ कळवलीत ते बरं केलंत, बहुतेक जण ती सांगतच नाहीत.

डोळ्यातला दाब वेगळा, बीपी वेगळं. पण डोळ्याच्या नसेला रक्त पोचतं ते या दोन दाबांतल्या फरकावर. वाडीतल्या टोकाच्या घराचा नळ आठवा. टाकी उतरली की आधी तोच कोरडा. झोपेत बीपी बहुतेकांचं साधारण १० ते २० टक्के उतरतं. त्यात झोपताना गोळी पडली, तर काहींचं फारच खाली जातं आणि नस उपाशी राहते. बार्बाडोसमधल्या नऊ वर्षांच्या पाहणीतही दोन दाबांतला हा फरक कमी असलेल्यांना काचबिंदूचा धोका जास्त दिसला.

पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका. पक्षाघात ओढवून घ्याल. महाडला फिजिशियनकडे जाल तेव्हा २४ तास बीपी मोजणारं यंत्र लावता येईल का, गोळी सकाळी चालेल का, हे विचारा. थेंब टिमोलॉलचे असतील तर तेही सांगा, त्यांनी नाडी आणि बीपी उतरू शकतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा.

आणि पहाटे उठताना वडिलांना गरगरतं का?