दोन नेटवर्क कार्डे, पण निरोप एकाच वाटेने

प्रश्न : आमच्या संगणकाला दोन नेटवर्क कार्डे आहेत. २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर पाठवलेला ब्रॉडकास्ट एकाच बाजूच्या यंत्रांना मिळतो. असे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : कोणत्या जाळ्यात जायचे, हे या पत्त्यात नसतेच. त्यामुळे संगणक राउटिंग टेबल पाहून सहसा एकच कार्ड निवडतो. भुसावळहून नागपूर आणि खंडवा असे दोन मार्ग फुटतात, पण गाडी एकाच मार्गाने जाते, तसेच हे.

दोन्ही बाजूंना निरोप पोहोचवायचा असेल, तर प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र सॉकेट उघडा, तो त्या कार्डाच्या आयपी पत्त्याशी जोडा आणि त्याला ब्रॉडकास्टची परवानगी द्या. मग त्या-त्या सबनेटच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर निरोप पाठवा. कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर ब्रॉडकास्ट पत्ता १९२.१६८.१.२५५. दोन्ही कार्डांचे सबनेट मात्र वेगळे हवेत.