सुरांची वर्गवारी : पातळी की वळण?

‘हो’ हा शब्द आपण होकार म्हणून उच्चारतो, शंकेने उच्चारतो, कंटाळूनही उच्चारतो. प्रत्येक वेळी आवाजाचा चढउतार निराळा. शब्द मात्र तोच राहतो. चीनच्या मँडरिन भाषेत तो बदलतो. ‘मा’ हे अक्षर वरच्या सपाट सुरात म्हटले की आई, चढवत म्हटले की वाखाची वनस्पती, खाली नेऊन पुन्हा उचलले की घोडा आणि झटकन उतरवले की रागे भरणे!

अशा सुरांची वर्गवारी करायची कशी? पेटीची पट्टी येथे उपयोगी नाही. पुरुषाचा वरचा सूर एखाद्या बाईच्या खालच्या सुराइतकाच असू शकतो. तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. म्हणून युआन रेन चाओ यांनी (हे भाषाशास्त्रज्ञ संगीतरचनाकारही होते) १९३० साली बोलणाऱ्याच्या स्वतःच्याच आवाजाचे १ ते ५ असे टप्पे पाडले. त्यानुसार मँडरिनचे चार सूर ५५, ३५, २१४ व ५१ असे लिहितात.

पुढे १९४८ साली केनेथ पाइक यांनी सूरभाषांचे दोन प्रकार मांडले. एकात सुराची पातळी महत्त्वाची, दुसऱ्यात त्याचे वळण. नायजेरियातील योरुबा पहिल्या प्रकारची. तिच्यात वरची, मधली व खालची अशा तीन पातळ्या आहेत. ‘इग्बा’ची दोन्ही अक्षरे मधल्या सुरात म्हटली तर दोनशे, दोन्ही खालच्या सुरात म्हटली तर काळ. मँडरिन अर्थातच दुसऱ्या प्रकारात.

येथवर सारे सरळ वाटते. पण योरुबात खालच्या सुरामागून वरचा सूर आला की तो कानाला चढताच लागतो. मग तिलाही वळणाची भाषा म्हणावे काय? नाही. ती चढण शेजारच्या सुरामुळे आली. शेजारी बदलला की ती जाते.

आता हाच न्याय मँडरिनच्या २१४ ला लावून पाहा. हे वळण शब्द सुटा किंवा वाक्याच्या शेवटी असला तरच पुरते ऐकू येते. पुढे पहिला, दुसरा वा चौथा सूर आला की तो नुसता खाली राहतो, २१ एवढाच. पुढेही तिसराच आला तर आधीचा चढता होतो. ‘नी हाओ’ या नमस्कारात हेच घडते. म्हणून काही अभ्यासक त्याला मुळात खालचा सूरच मानतात, आणि मला ते पटते. कोष्टकातले आकडे सुट्या शब्दांचे असतात, हे आपण विद्यार्थी विसरतो.

चौथ्या सुराचे मात्र तसे नाही. त्याच्यापुढे दुसरा चौथा सूर आला तर उतार थोडा कमी होतो, पण उतरणे सुटत नाही. त्यामुळे मँडरिनला सरसकट पातळीच्या रकान्यात ढकलता येणार नाही.